दुखतं का, असं विचारू नका
महाराष्ट्रातल्या शल्यचिकित्सकांना आणि भूलतज्ज्ञांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागे, माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. गुडघे, कंबर, मान आणि क्रिकेट खेळून मुरगळलेले घोटे यांवर ते चालतं. गेल्या काही वर्षांत मात्र माझ्या वहीत आणखी एक रांग वाढत चालली आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सहा-आठ महिने झालेल्या बायकांची. टाके निघेपर्यंत त्या तुमच्याकडे असतात, मग केमोला जातात, मग रेडिएशनला, ज्याला आमच्याकडे 'लाईट घेणं' म्हणतात. सगळं उरकून घरी आल्यावर गावातले डॉक्टर एक चिठ्ठी लिहून देतात. चिठ्ठीवर दोनच शब्द : 'फ्रोझन शोल्डर'. ती चिठ्ठी मुठीत धरून बाई माझ्या बाकावर येऊन बसते.

मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका मावशींची गोष्ट आधी सांगते. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. मावशींनी पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतला होता, गुजराती बायका घेतात तसा. मी सहज म्हटलं, "मावशी, गुजरातला जाऊन आलात की काय?" त्या हसल्या नाहीत. त्यांचं ऑपरेशन डावीकडचं. डाव्या खांद्यावर पदर टाकला की आग होते, म्हणाल्या. साध्या व्हॉइलच्या साडीचा पदर, त्याचं वजन ते किती! ब्लाउजची डावी बाही त्यांनी काखेपर्यंत उसवली होती, कारण शिवण टोचायची. रात्री उजव्या कुशीवर झोपायचं आणि डावा हात उशीवर, लहान मूल ठेवावं तसा ठेवायचा. असं नऊ महिने चाललं होतं.

त्यांची फाइल मी चाळली. फॉलोअपच्या प्रत्येक तारखेला एकच शेरा : तक्रार नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी विचारलं, "डॉक्टरांनी विचारलं नाही का, दुखतं का म्हणून?"

"विचारलं की. दर वेळेला विचारलं."

"मग?"

"दुखत नाहीच तर काय सांगू? आग होते. मुंग्या सुटतात. मधूनच करंट बसल्यागत चमक येते. काखेत तर बधिर आहे, पण कापड लागलं की सहन होत नाही. दुखणं वेगळं, बाई."

त्या दिवशी माझा राग ओसरला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टर खोटं बोलले नव्हते आणि मावशीही नाहीत. डॉक्टरांनी 'पेन'चं मराठी करून विचारलं, आणि मराठीत 'दुखणं' म्हणजे गळू दुखतं, दात दुखतो, पाय दुखतात ते. आपल्या भाषेत वेदनेला किती शब्द आहेत बघा. ठणका वेगळा, ठसठस वेगळी, कळ वेगळी, चमक वेगळी, रग वेगळी, आग, जळजळ, झिणझिण्या, हुळहुळणं, टोचणी, ओढ. यातले निम्मे शब्द नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, वेदनेचे आहेत. फ्रान्समध्ये तयार झालेली डीएन-४ नावाची दहा मुद्द्यांची प्रश्नावली नसेची वेदना ओळखायला जगभर वापरतात. तिच्यात आहे तरी काय? जळजळ, बोचरा गारठा, विजेचा झटका, मुंग्या, टाचण्या टोचणं, बधिरपणा, खाज. आणि तपासताना स्पर्श कळतो का, टोचलेलं कळतं का, ब्रश फिरवल्यावर दुखणं वाढतं का. दहापैकी चार जुळले की नसेची वेदना असण्याची शक्यता दाट. मावशींनी एका दमात चार सांगितले होते, फक्त ते कुणी मोजले नव्हते.

म्हणून या पत्राचं शीर्षक तसं आहे. आता मुद्द्याचं बोलते. ही वेदना होऊ नये म्हणून करण्यासारखं बरंच काही ऑपरेशनच्या आधीपासून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उरकतं, म्हणजे बाई तुमच्या हातात असते तेव्हा. माझ्याकडे ती येते तेव्हा उशीर झालेला असतो.

तुम्हाला शरीररचना शिकवण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून चार ओळी. दुसऱ्या बरगडीखालून एक नस निघते, काखेतल्या चरबीतून आडवी जाते आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीपर्यंत पोचते. इंटरकॉस्टोब्रेकियल असं तिचं लांबलचक नाव. ती बोटं हलवत नाही, हात उचलत नाही, तिचं काम नुसतं स्पर्शाचं. काखेतल्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, साफ करताना ती नेमकी वाटेत येते. कधी कापली जाते, कधी ताणली जाते, कधी रक्त थांबवणाऱ्या कॉटरीच्या उष्णतेनं भाजते. कापलेल्या टोकाशी वेडीवाकडी वाढ होऊ शकते, आणि मग कुणी हात न लावता ती नस मेंदूला निरोप धाडत राहते. पहिल्या दिवसांत जोराची वेदना सतत येत राहिली तर मज्जारज्जूतल्या पेशीही तापट होतात. साध्या स्पर्शाचा निरोप त्या वेदना म्हणून पुढे ढकलायला लागतात. मावशींचा पदर भाजायचा तो असा.

आकडे तुम्हाला ठाऊक असतील, तरी एकदा शेजारी शेजारी ठेवून बघू. डेन्मार्कमध्ये २००५ आणि २००६ साली ऑपरेशन झालेल्या बायकांना दोन-तीन वर्षांनी प्रश्नावली पाठवली, ३,२५३ जणींनी ती भरून दिली. अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ४७ टक्के बायकांना अजून वेदना होती. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक जणींची वेदना मध्यम किंवा तीव्र होती. हेलसिंकीत ८६० जणींना वर्षभरानंतर विचारलं, तर अजिबात वेदना नाही म्हणणाऱ्या साधारण एक तृतीयांश निघाल्या. अर्थात उरलेल्यांत सौम्य वेदनावाल्याच जास्त, हेही सांगायला हवं. डेन्मार्कच्या अभ्यासातलं मला सगळ्यात बोचलेलं वाक्य मात्र वेगळंच आहे. वेदना असलेल्या बायकांपैकी आदल्या तीन महिन्यांत त्यासाठी डॉक्टरकडे गेलेल्या फक्त २० टक्के. हे डेन्मार्कमध्ये, जिथे डॉक्टरकडे जायला खिसा चाचपावा लागत नाही.

याच अभ्यासात दोन गोष्टी ठळक दिसल्या. तरुण बायकांना वेदनेचा धोका जास्त, आणि काखेतल्या गाठी पूर्ण काढल्या तर फक्त सेंटिनल गाठ, म्हणजे कॅन्सर आधी पोचतो ती काखेतली पहिली गाठ, तपासण्यापेक्षा जास्त. आता आपल्याकडे बघा. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण. यातल्या पुष्कळजणी स्तनातली गाठ मोठी झाल्यावर, काखेत पसरल्यावर येतात. म्हणजे काख पूर्ण साफ करावी लागणाऱ्या जास्त. आपल्या बायकांना ही वेदना डॅनिश बायकांपेक्षा कमी होत असेल, असं मानायला कुठलाही आधार नाही. फायलीत 'तक्रार नाही' लिहिलेलं असतं, तेवढा एक सोडून.

मग करायचं काय? मी इथे थोडी जपून बोलते, कारण या विषयात जादूची कांडी विकणारेही बरेच आहेत.

काखेपासून सुरुवात. जिथे काख पूर्ण साफ करायची गरज नाही तिथे ती होऊ नये, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. सेंटिनल गाठ शोधायला लागणारे रेडिओ आयसोटोप आणि गॅमा प्रोब प्रत्येक जिल्ह्यात नाहीत हे खरं, पण निळी शाई आहे. आणि टाटा मेमोरियलच्या सर्जननी कमी साधनांतही जमेल अशी, काखेच्या खालच्या भागातल्या गाठी तपासण्याची पद्धत तपासून दाखवली आहे. जिथे साफ करावीच लागते, तिथे ती नस वाचवता येते का हे बघणं एवढंच मागणं. नस वाचवली की बधिरपणा नक्की कमी राहतो. वेदनेबाबत सगळे अभ्यास एक बोलत नाहीत, हे मी लपवत नाही. पण दंडाचा आतला भाग बधिर असलेल्या बाईला विचारा. चुलीपाशी भाजलेलं तिला फोड आल्यावर कळतं.

दुसरं, भूल. हा भाग भूलतज्ज्ञांसाठी. ब्लॉक म्हणजे ठरावीक भागाच्या नसा तेवढ्या बधिर करणारं इंजेक्शन. पाठीच्या मणक्याशेजारी द्यायचा पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक, २०११ पासून चालू झालेला छातीच्या स्नायूंमधला पेक्स ब्लॉक, सेराटस, इरेक्टर स्पायनी. यांनी ऑपरेशननंतरचा पहिला दिवस सुसह्य होतो, मॉर्फीन-ट्रॅमाडॉल कमी लागतं, उलट्या कमी होतात, यावर वाद फारसा नाही. पुढच्या दीर्घ वेदनेबाबत चित्र मिश्र आहे. छोट्या अभ्यासांची बेरीज करून २०१८ साली कॉक्रेन या अभ्यास तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यानं ब्लॉकच्या बाजूनं कौल दिला. पुढच्याच वर्षी आठ देशांतल्या दोन हजारांहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास आला आणि त्यात पॅराव्हर्टेब्रल ब्लॉकनं सहा महिने किंवा वर्षानंतरच्या वेदनेत फरक दिसला नाही. माझ्या ओळखीच्या एक भूलतज्ज्ञ मॅडम हा अभ्यास दाखवून म्हणाल्या, "बघ, मग कशाला एवढा खटाटोप?" मी म्हटलं, मॅडम, पहिली रात्र नीट झोपली तरी काय कमी आहे का? आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांतली तीव्र वेदना ही पुढच्या दीर्घ वेदनेची ठळक खूण आहे, हे तर अभ्यासामागून अभ्यासात दिसतं. एका ब्लॉकनं नशीब पालटत नसेल, पण म्हणून पहिली रात्र वाऱ्यावर सोडायची?

छोट्या हॉस्पिटलांची अडचण मला माहीत आहे. ब्लॉकसाठी सोनोग्राफी मशीन लागतं, मशीनला पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि नोंदणी झालेलं मशीन रेडिओलॉजीच्या खोलीतून थिएटरपर्यंत हलवायचं म्हणजे कागदपत्रांची वारी. पण स्तन काढल्यावर छातीचे स्नायू तुमच्या डोळ्यांसमोर उघडे असतात. त्यांच्यामध्ये भुलीचं औषध सर्जन स्वतः बघून सोडू शकतो, आणि काही ठिकाणी तसं करतातही. औषधाच्या खर्चाचा बाऊ करू नये. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं अकरा केंद्रांवर सुमारे सोळाशे बायकांमध्ये, कॅन्सरची गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी तिच्याभोवती लिग्नोकेन टोचून बघितलं. २०२३ साली निकाल छापून आला. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झालं. तो अभ्यास आयुष्याबद्दल होता, वेदनेबद्दल नव्हता. दोन्हींची सरमिसळ मी करणार नाही. मी तो आठवते एवढ्यासाठी की दात काढायला वापरतात त्या स्वस्त बाटलीवर आपल्याच लोकांनी जगानं दखल घ्यावी असं काम केलं. असंच काम वेदनेवर व्हावं, आपल्याच बायकांना विचारून, मराठीत विचारून.

तिसरं म्हणजे वॉर्डातल्या केसपेपरवरची तीन अक्षरं. एसओएस. गरज पडली तर द्या. डॉक्टर, आमच्या बायका मागत नाहीत हो. रात्री दोन वाजता कॉटखाली सतरंजीवर झोपलेल्या लेकीला उठवायचं, तिनं सिस्टरला शोधायचं, सिस्टर एका वेळी चाळीस पेशंट बघत असणार, ती खेकसणार. त्यापेक्षा बाई दात ओठ खाऊन पडून राहते. सोसलं म्हणून सकाळी कौतुकही होतं. पॅरासिटामॉल आणि ज्यांना चालतं त्यांना सूज उतरवणारं औषध, पहिले तीन-चार दिवस घड्याळ लावून दिलं, तर मागायचा प्रश्नच येत नाही. औषधं लिहिणं माझं काम नव्हे, पण घड्याळ लावणं ही सूचना आहे, प्रिस्क्रिप्शन नाही. नसेच्या वेदनेवरच्या गॅबापेंटिनची एक गोळी ऑपरेशनआधी दिली की काम झालं, असं मधे एक वारं होतं. मोठे आढावे बघता त्या गोळीवर भरवसा ठेवावा असं काही दिसलं नाही, गरगरणं मात्र दिसलं.

आणि चौथं, जे माझ्या पोटापाण्याचं आहे, त्यामुळे मी पक्षपाती आहे असं समजूनच वाचा. हालचाल.

डिस्चार्जच्या वेळी बाईला एकच सूचना मिळते : हात जपा. त्या हाताला सुई नको, बीपी नको, ओझं नको. हाताला सूज येऊ नये म्हणून हे सांगतात. पण बाईला त्यातून ऐकू येतं ते असं की हात हलवायचाच नाही. ती तो पोटाशी धरते. आठ दिवस ड्रेनची नळी असते म्हणून, मग टाके ताणतील म्हणून, मग केमोत अशक्तपणा म्हणून. याच काळात कित्येकींच्या काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली तारेसारखी दोरी ताणली जाते. हात वर केला की ती दिसते, बोटानं चाचपता येते. बाई घाबरते, तिला वाटतं नस तुटली, किंवा ते परत आलं. खरं तर ही दोरी हलक्या ताणानं काही आठवड्यांत सुटते, पण हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मग खांदा जखडतो. आणि जखडलेल्या खांद्यावर नसेची आग म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

एक व्यवहाराची गोष्ट, जी रेडिएशनवाले डॉक्टर तुम्हाला नक्की सांगतील. लाईट घेताना हात डोक्याच्या वर ठेवून टेबलावर निश्चल पडावं लागतं. ज्या बाईचा हात कानापर्यंत जात नाही, तिला टेबलावर घेता येत नाही, तिचे दिवस वाया जातात. म्हणजे व्यायाम हा काही नंतरचा लाड नाही, तो कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे.

ब्रिटनमध्ये १७ केंद्रांवर, खांद्याचा धोका जास्त असलेल्या ३९२ बायकांचा अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला. निम्म्या जणींना नेहमीसारखं माहितीपत्रक दिलं. निम्म्या जणींना सातव्या ते दहाव्या दिवसापासून फिजिओथेरपिस्टनं आखून दिलेला व्यायाम. वर्षभरानं व्यायामवाल्या बायकांचा हात जास्त चालत होता आणि वेदना कमी होती. जखमेचे त्रास वाढले नाहीत, हाताची सूज वाढली नाही, आणि एकूण खर्च नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्त आला नाही. यात मशीन नाही, परदेशी औषध नाही. पहिल्या दिवसांत खांद्याच्या उंचीपर्यंत हलकी हालचाल, कोपर, बोटं, खोल श्वास. आठवडा-दहा दिवसांनी हळूहळू वर. माझ्या एका पेशंटनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या होत्या, बोटं भिंतीवर चढवत रोज किती वर गेली ते बघायला. सून ओरडायची, भिंत खराब होते म्हणून. बाईंनी रेघा पुसू दिल्या नाहीत. सर्वात वरची रेघ मांडणीवरच्या पिठाच्या डब्याच्या उंचीची होती, आणि डबा काढल्याच्या दिवशी मला फोन आला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आमच्याच डोक्यावर का? केमोचे डॉक्टर आहेत, रेडिएशनचे आहेत, जिल्हा रुग्णालय आहे, योजना आहे. अडचण तीच आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं, केमो बसते, लाईट बसते. हजारो बायका त्यामुळेच वाचल्या आणि हे मी कौतुकानं लिहिते आहे. पण पॅकेजला डिस्चार्जनंतर मोजक्याच दिवसांचा धीर असतो. आणि दीर्घ वेदनेची व्याख्याच मुळी तीन महिन्यांनंतर सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगसूचीत, जी २०२२ पासून लागू आहे, शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र जागा दिली आहे. म्हणजे आजाराला नाव मिळालं आहे, पण आपल्याकडे पत्ता मिळालेला नाही. तो कुणाच्या टेबलावर जायचा हे ठरलेलं नाही, म्हणून तो चिठ्ठी होऊन एसटीनं माझ्याकडे येतो. हल्ली बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढा आधार.

बायका बोलत नाहीत याची आणखी दोन कारणं आहेत. एक म्हणजे उपकार. "त्यांनी जीव वाचवला, आता हाताचं काय रडगाणं गायचं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते सुरू झालं की मी पुढचं पूर्ण करते. माझी आत्या हेच म्हणायची. ती शेवटपर्यंत वेणी स्वतः घालू शकली नाही; चुलतबहीण घालायची. आणि आत्याच्या सर्जनना दिवाळीचा फराळ मात्र दर वर्षी जायचा, डबा भरून. त्यांना कधी कळलं नसेल की तो डबा बंद करायलाही तिला दुसरं कुणीतरी लागायचं.

दुसरं कारण भीती. वेदना आहे म्हटलं तर पुन्हा तपासण्या लागतील, पुन्हा काहीतरी निघेल. काही बायकांना तर जे स्तन काढलं तिथेच, त्या नसलेल्या जागी, खाज आणि वेदना जाणवते. ही ओळखलेली गोष्ट आहे, पाय कापलेल्या माणसाचा पाय दुखतो तशी. पण बाईला वाटतं आपल्याला वेड लागलं. ती नवऱ्यालाही सांगत नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं बसून तुम्ही किंवा तुमच्या सिस्टरनी सांगितलं, की इथे बधिर होईल, इथे आग होऊ शकते, नसलेली गोष्ट असल्यासारखी वाटू शकते आणि हे सगळं आम्हाला सांगायचं असतं, तर निम्मं ओझं तिथेच उतरेल. संमतिपत्रावर नवऱ्याची सही घेताना हे बोलू नका, बाईशी बोला.

माझी मागणी एकच आहे. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, बाई केमोच्या मधे असो की लाईटच्या रांगेत, तुमच्या विभागानं तिला गाठून काही प्रश्न विचारावेत आणि उत्तरं लिहून ठेवावीत. आग होते का. मुंग्या, झिणझिण्या. करंट बसल्यासारखं होतं का. बधिर कुठे आहे, बोटानं दाखवा. कापड लागलेलं चालतं का, पदर कुठल्या खांद्यावर घेता. वेणी घालता येते का, एसटीत वरचा दांडा धरता येतो का. झोप लागते का. सहा-सात मिनिटांचं काम आहे, फोनवरही होईल.

शून्य ते दहाची पट्टी दाखवून किती दुखतं ते विचारू नका. आमच्याकडच्या बायका पाच म्हणतात, कारण मधलं बरं. रुपयात विचारा. "ऑपरेशन झालं तेव्हा रुपया होतं, तर आता किती?" मग उत्तर नेमकं येतं. "बारा आणे कमी झालं," म्हणतात. किंवा, "कुठलं, अजून दीड रुपया आहे."

ज्यांची उत्तरं नसेच्या वेदनेकडे बोट दाखवतील, त्यांना वेळेत औषध मिळू शकतं, रात्रीची एखादी अॅमिट्रिप्टिलिन, जागेवर लावायचं औषध, जे तुम्हाला योग्य वाटेल ते. टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परतू नये म्हणून द्यायचं औषध) चालू असलेल्या बाईला पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, ड्युलोक्सेटिनसारखी औषधं त्याच्या कामात अडथळा आणू शकतात, हे तुम्हाला सांगायला नको, पण गावच्या डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहून द्यायला हवं. आणि ज्यांचा हात वर जात नाही, त्यांना तिसऱ्या महिन्यातच माझ्यासारख्या कुणाकडे पाठवा. आठव्या महिन्यात नको.

वर्षाअखेरीस तुमच्या विभागाच्या बैठकीत किती ऑपरेशनं झाली, किती जखमा पिकल्या, किती जणींना पुन्हा थिएटरात न्यावं लागलं याचे आकडे वाचले जातात. त्यात एक ओळ वाढवा : तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा किती जणींना आग होत होती. पहिल्या वर्षी तो आकडा बघून वाईट वाटेल. वाटू दे.

मावशी अजून येतात, गुरुवारी, बाजाराच्या दिवशी. खांदा बराच मोकळा झाला आहे. आग रुपयातली सहा आणे उरली आहे. पदर अजून उजवीकडेच आहे. मागच्या गुरुवारी म्हणाल्या, पुतणीचं लग्न आहे, पैठणी नेसायची आहे, आणि पैठणीचा पदर उजवीकडून काही शोभत नाही. लग्नाला अजून दोन महिने आहेत, बघू.

आपली,
तालुक्याच्या गावची एक फिजिओथेरपिस्ट

ता. क. : हे पत्र कुणी ऑपरेशन झालेल्या ताई-मावशी वाचत असतील तर त्यांच्यासाठी. जुनी आग, जुन्या मुंग्या जिथल्या तिथे असतील तर त्यांचा अर्थ बहुतेक वेळा कॅन्सर परतला असा नसतो. पण वेदना नवी असेल, दिवसेंदिवस वाढत असेल, रात्री हाडात ठणकत असेल, नवी गाठ किंवा हाताला सूज असेल, तर माझ्याकडे किंवा मालिशवाल्याकडे नको, आधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा. आणि त्यांनी "दुखतं का?" असं विचारलं, तर "नाही" म्हणण्याआधी काय होतं ते तुमच्या शब्दांत सांगा.